प्रकाशाचा सांधेवाला
(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना, आमच्या गावातले नेटवर्क गेले. वीज होती, टॉवर उभा होता, टॉवरवरचा तांबडा दिवाही पेटत होता. पण फोनवर एक रेघ उमटेना. पहिला दिवस वाट पाहण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन घेऊन मी एस्टीने कुडाळ गाठले. बाबांचा फोन अशासाठी की माझ्या आधारला जोडलेला नंबर त्यांचा आहे आणि ओटीपी त्यावरच येतो. त्यामुळे त्या दिवशी बाबा फोनशिवाय दर्यावर गेले आणि आई होडी दिसेपर्यंत दारात बसून राहिली.

कुडाळात गाडी शिरली तो फोन जिवंत झाला. अर्ज भरला, पावती छापून घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने परतले. गावच्या तिठ्यावर उतरले तेव्हा रस्त्याकडेच्या खड्ड्यात दोन माणसे बसलेली दिसली. डोक्यावर मोठी छत्री बांधलेली, पुढ्यात डब्याएवढे यंत्र, आणि त्या यंत्रात ती केसासारखे धागे एकेक करून जोडत होती. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली होती. मी विचारले, कुडाळात सगळे सुरळीत आणि आमच्याकडेच बंद, हे कसे? त्यातला वयाने मोठा होता तो मान वर न करता म्हणाला, “ताई, हंय एकच केबल आसा. ती तुटली काय सगळा बंद. थंय हायवेक पण केबल तुटता, पण कोणाक कळना नाय. थंय उजेड दुसऱ्या वाटेन फिरवतत.”

उजेड फिरवतात! हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. मी इतिहास आणि मराठी या विषयांची विद्यार्थिनी. भौतिकशास्त्र दहावीत सुटले ते सुटलेच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा घरी विचारावे असेही कोणी नव्हते. शेवटी कनिष्ठ महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी दोन रविवार माझ्यासाठी खर्च केले, एक जुनी सीडी व एक टॉर्च हातात दिली आणि म्हणाले, “आधी हे बघ, मग बोलू.” त्यातून जे समजले ते माझ्यासारख्याच कला शाखेच्या वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. चूक आढळल्यास ती सरांची नव्हे, माझी समजावी.

केबलमधून जाते ती वीज नव्हे, प्रकाश, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. काचेचा तंतू बाहेरून १२५ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही प्रकाश वाहतो तो मधल्या सुमारे ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यातून. अशा तंतूतून दूरवर संदेश नेता येतील हे १९६६ साली चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले. काच पुरेशी शुद्ध केली तर, एवढीच त्यांची अट होती. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तसा तंतू करून दाखवला, आणि २००९ साली काओ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा तंतू इतका स्वच्छ असतो की सुमारे पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. मालवणहून कुडाळइतक्या अंतरावर तो पाव उरेल. आपल्या राज्यात असे तंतू छत्रपती संभाजीनगरजवळ तयार होतात.

पण एका तंतूत एकच प्रकाश जात नाही, ही खरी मौज आहे. एकाच तंतूत ऐंशी-नव्वद निरनिराळ्या रंगांचे प्रकाश एकाच वेळी धावत असतात आणि प्रत्येक रंग आपापला निरोप घेऊन चाललेला असतो. इथे ‘रंग’ हा शब्द सोयीसाठी वापरते आहे. हा सगळा प्रकाश तांबड्याच्याही पलीकडचा, १५३० ते १५६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा. शेजारशेजारच्या दोन रंगांत अंतर असते ते सुमारे ०.४ नॅनोमीटरचे. (एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) एकेक रंग सेकंदाला शंभर अब्ज खुणा नेतो असे धरले, तर शहाण्णव रंगांचा एक तंतू सेकंदाला नऊ लाख साठ हजार कोटी खुणा वाहून नेतो. हा हिशेब मी दोनदा करून पाहिला.

०.४ नॅनोमीटर म्हणजे किती बारीक फरक, याचा अंदाज येण्यासाठी थोडे विजयदुर्गाकडे वळावे लागेल. १८ ऑगस्ट १८६८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेली. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे ओटे आहेत. तिथे दुर्बीण मांडून नॉर्मन लॉकियर या साहेबाने हेलियमचा शोध लावला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला इथे थोडे अप्रिय लिहावे लागत आहे. त्या ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत होते आणि लॉकियर इंग्लंडमध्येच होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, लंडनमधील आपल्या घरून सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि त्यातली एक पिवळी रेघ त्यांना ओळखीची वाटेना. सोडियमच्या पिवळ्या रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही रेघ होती ५८७.५ वर. एवढ्या, दीड-दोन नॅनोमीटरच्या फरकावरून सूर्यात एक नवे मूलद्रव्य असल्याचे अनुमान निघाले. पृथ्वीवर ते सापडले १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांना. विजयदुर्गाचे महत्त्व याने कमी होत नाही. सावली तिथून गेली हे खरेच आहे. पण १८६८ साली ज्या फरकाने इतिहास घडला त्याच्या चौथाई-पाचव्या हिश्शाचा फरक आज रस्त्याकडेच्या केबलमध्ये क्षणोक्षणी ओळखला जातो, ही गोष्टही आपल्या जिल्ह्यात सांगण्याजोगी आहे.

प्रकाश रंगांत वाटण्याचे साधन फार अवघड नाही. सरांनी दिलेली सीडी तेच करते. सीडीवर १.६ मायक्रोमीटर अंतराने वर्तुळाकार रेघा असतात. टॉर्चचा प्रकाश तीवर टाकला की प्रत्येक रंग वेगळ्या कोनातून परत फिरतो आणि भिंतीवर इंद्रधनुष्य उमटते. अशा बारीक रेघांच्या पृष्ठभागाला ग्रेटिंग म्हणतात. आमच्या माजघरात मी हा प्रयोग केला तेव्हा आजीने हातातले तांदूळ निवडणे थांबवून भिंतीवरच्या रंगांवर हात फिरवून पाहिला.

आता मूळ प्रश्न. ऐंशी-नव्वद रंग घेऊन तंतू एखाद्या नाक्यावर आला. तिथून काही रंग मुंबईकडे जायचे, काही गोव्याकडे, दोन-चार तिथेच उतरायचे. हे कसे करायचे?

जुनी रीत टपालाच्या थैलीच्या उदाहरणाने सांगता येईल. प्रत्येक नाक्यावर थैली फोडायची, प्रत्येक पत्र वाचायचे, नव्या कागदावर उतरवून काढायचे आणि दुसऱ्या थैलीत भरून पुढे पाठवायचे. म्हणजे प्रत्येक रंगाच्या प्रकाशाची वीज करायची, विजेतून निरोप वाचायचा आणि पुन्हा नव्या दिव्याने प्रकाश करून पुढच्या तंतूत सोडायचा. प्रकाश क्षीण होत असल्यामुळे हे वाटेतही वारंवार करावे लागे. १९८७ साली एर्बियम हे द्रव्य मिसळलेल्या काचतंतूने सगळे रंग एकदम, वीज न करता, सशक्त करण्याची युक्ती इंग्लंडमध्ये साउदम्प्टन येथील डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये इमॅन्युएल देसुर्व्हिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. वाटेतली फोडाफोडी त्यामुळे थांबली. पण नाक्यावरची राहिलीच होती. पुढे तिथे ठराविक रंग बाजूला काढणारे गाळणे बसवू लागले. परंतु कोणता रंग कुठे जायचा हे कारखान्यातच ठरलेले असे. बदल करायचा तर माणसाने जीप काढून त्या नाक्यावर जायचे, कपाट उघडायचे आणि दोऱ्या इकडच्या तिकडे लावायच्या. कोकणातल्या पावसात हे काम कसे होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

रेल्वेत सांधेवाला असतो. गाडी थांबवून प्रवासी उतरवण्याच्या भानगडीत तो पडत नाही. रुळाचा सांधा बदलतो आणि गाडी दुसऱ्या वाटेला लागते. प्रकाशाचा असा सांधेवाला एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नाक्यानाक्यावर बसू लागला. इंग्रजीतून आलेले त्याचे नाव आहे वेव्हलेंग्थ सिलेक्टिव्ह स्विच, आणि तो ज्या मोठ्या यंत्रात बसतो त्याला तंत्रज्ञ ‘रोडम’ म्हणतात. तो निरोप वाचत नाही. कोणता रंग आला आणि तो कुठल्या तंतूत घालायचा, एवढेच तो जाणतो. आणि हे ‘कुठल्या’ दूर बसलेला माणूस संगणकावरून बदलू शकतो.

हे यंत्र प्रकाशाला वळवते कसे, हे समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि उत्तर मिळाले ते बाबांकडून. अर्थात त्यांना ते प्रकाशाचे उत्तर आहे याची कल्पना नव्हती. मी त्यांना सहज विचारले होते, की वारा दक्षिणेचा असो की पश्चिमेचा, लाट किनाऱ्याला येते ती नेहमी समोरूनच का येते? बाबा म्हणाले, “लाटेचो एक कोनसो आधी वाळूक लागता. थंय पाणी उथळ, तो कोनसो मागे रवता. दुसरो कोनसो अजून खोल पाण्यात, तो पुढे धावता. मग लाट आपसूकच वळता.” रापण ओढणाऱ्या माणसाला हे पाहून पाहून ठाऊक असते. लाटेचा एक भाग थोडा मागे रेंगाळला की सबंध लाट त्या बाजूला वळते. प्रकाशही लाटच आहे. त्याच्या एका कडेला किंचित उशीर केला, मधल्या भागाला त्याहून कमी, दुसऱ्या कडेला मुळीच नाही, की प्रकाश वळलाच.

उशीर करण्याचे काम करतात द्रवस्फटिक. धड द्रव नाही, धड स्फटिक नाही असा हा पदार्थ १८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झर यांना आढळला, आणि ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. (आपला विषय सोडून दुसऱ्याच्या शेतात गेलेल्यांचेही कधी कधी भले होते, याचा मला या लेखापुरता आधार वाटतो.) भारतातही या पदार्थांवर मोठे काम झाले आहे, १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शि. चंद्रशेखर यांच्या गटाने तबकडीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. आपल्या यंत्रात असतात ते लांबट, काडीसारख्या रेणूंचे. त्यांना विजेचा थोडा दाब दिला की ते कलतात, आणि ते जितके कलतील त्याप्रमाणे त्यांतून जाणाऱ्या प्रकाशाला कमीअधिक उशीर होतो. सिलिकॉनच्या आरशासारख्या चकतीवर लक्षावधी बारीक चौकोन आखलेले, त्यांवर काही मायक्रोमीटर जाडीचा द्रवस्फटिकांचा थर, आणि प्रत्येक चौकोनाला वेगळा दाब देण्याची सोय, असे हे साधन असते. प्रकाश थरातून आत जातो, आरशावरून परततो आणि परतताना वळलेला असतो. लाटेच्या या पुढे-मागे असण्याला मराठी भौतिकशास्त्रात ‘कला’ असा शब्द आहे, हे कळल्यावर मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सर म्हणाले, “म्हणजे तू कला शाखेतच आहेस.”

एक अडचण मात्र राहते. थर इतका पातळ की त्यात फार तर एका लाटेएवढाच उशीर करता येतो. मग मोठ्या अंतरात उतार कसा करायचा? इथे लाटेचाच स्वभाव उपयोगी पडतो. बरोबर एका लाटेने मागे राहिलेली लाट मागून येणाऱ्या लाटेशी जुळते. तिला उशीर झाला नाही असेच म्हणायचे. म्हणून उशीर शून्यापासून वाढवत एका लाटेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या चौकोनाला पुन्हा शून्यापासून आरंभ करायचा. आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो. एका दातात किती चौकोन बसवायचे त्यावर वळण ठरते. चौकोन ८ मायक्रोमीटरचा आणि एका दातात २० चौकोन धरले तर दात १६० मायक्रोमीटरचा होतो, १.५५ मायक्रोमीटर लांबीची प्रकाशलाट त्यावरून सुमारे अर्ध्या अंशाने वळते. दातात दहाच चौकोन ठेवले तर एक अंशाहून थोडी जास्त. अर्धा-एक अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण यंत्रात तंतूंची तोंडे शेजारी शेजारी लावलेली असतात. अर्ध्या अंशाने प्रकाश पुढच्या तंतूच्या तोंडावर जाऊन पडतो. एका तंतूतून आलेले रंग अशा रीतीने नऊ, वीस किंवा त्याहूनही जास्त तंतूंत वाटता येतात.

आता सगळे एकत्र पाहू. तंतूतून आलेला प्रकाश ग्रेटिंगवर पडतो आणि रंग सुटे होतात, रापणीचे म्हावरे वाळूवर निवडून बांगडा एकीकडे, सुरमई एकीकडे करतात तसे; फरक इतकाच की इथे सगळी निवड एका क्षणात होते. प्रत्येक रंग चकतीवरच्या आपल्या पट्टीवर पडतो. त्या पट्टीतील चौकोनांवर करवतीचे जसे दात आखलेले असतील तसा तो वळतो, पुन्हा ग्रेटिंगवरून येताना आपल्या वाटेच्या इतर रंगांत मिसळतो आणि नेमलेल्या तंतूत शिरतो. उद्या त्याच रंगाला दुसरीकडे पाठवायचे असेल तर फक्त दात बदलायचे. एखादा निरोप मोठा असून त्याला रुंद पट्टी लागत असेल तर शेजारचे चौकोनही त्याला द्यायचे. यंत्रातला एकही भाग हलत नाही. याच कामासाठी बारीक हलणारे आरसे वापरण्याचीही एक रीत आहे, आणि अमेरिकेत आधी तिचाच गाजावाजा झाला होता. द्रवस्फटिकांची रीत पुढे आणण्यात ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील एंगाना या छोट्या कंपनीचा आणि तेथील स्टीव्हन फ्रिस्कन यांचा वाटा मोठा आहे. भारतात बंगळूरची तेजस नेटवर्क्स ही कंपनी रंग वाटून नेणारी यंत्रे तयार करते.

या सांधेवाल्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एकाच रंगाचे दोन निरोप एका तंतूत जाऊ शकत नाहीत. सगोत्र असल्यासारखी ती अडचण आहे. गोव्याकडून आलेला एक रंग आणि कोल्हापूरकडून आलेला तोच रंग दोघांनाही मुंबईच्या तंतूत जायचे असेल तर एकाला थांबावे तरी लागते किंवा रंग तरी बदलावा लागतो, आणि रंग बदलायचा म्हणजे बहुधा थैली फोडणे आलेच. म्हणून कोणत्या निरोपाला कोणता रंग द्यायचा हे आधीच विचार करून ठरवावे लागते.

दुसरी मर्यादा वेगाची. द्रवस्फटिक वळायला काही मिलिसेकंद ते काही दशक मिलिसेकंद घेतात. पण एखादा रंग एका वाटेवरून काढून दुसरीवर घातला की त्या वाटेवरच्या सगळ्या रंगांची ताकद पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि तसे करताना सेकंद, कधी मिनिटेही जातात. केबल तुटल्या क्षणी बोलणे खंडित होऊ नये म्हणून आधीपासून दुसऱ्या वाटेवर तयार ठेवलेली जोडणी असते. तिच्यावर उडी मारण्याचे काम ५० मिलिसेकंदांत व्हावे असा जुना दंडक आहे, आणि ते सहसा दुसरी साधने करतात. आपला सांधेवाला त्यानंतर येतो आणि सबंध जाळ्याची घडी नव्याने बसवतो. खड्ड्यातल्या त्या गृहस्थाने “उजेड फिरवतत” म्हटले त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या, हे मला फार उशिरा कळले.

दोन्ही गोष्टींना एक वस्तू मात्र आधी असावी लागते : दुसरी वाट. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि भारताचे इंटरनेट एकाएकी मंदावले. मुंबईच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे जाणारा बराचसा व्यवहार त्या वाटेने होत होता. हळूहळू तो पूर्वेकडून, पॅसिफिक महासागराच्या बाजूने फिरवला गेला. पृथ्वीला उलटा वळसा घालावा लागला, पण वाट होती म्हणून तो घालता आला.

कोकणची गोष्ट याच दृष्टीने पाहावी. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये आमची अरुंद पट्टी. उत्तर-दक्षिण जाणारा महामार्ग आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुली झालेली कोकण रेल्वे या इथल्या दोन मोठ्या वाटा. रेल्वेच्या कडेनेही प्रकाशतंतूची केबल गेलेली आहे. परशुराम घाटात दरड आली की चाकरमानी काय करतात? पुणे-कोल्हापूरकडून फोंडा घाट उतरून गावी येतात. आंबोली, करूळ, भुईबावडा हे घाट त्यासाठीच उपयोगी पडतात. माणसांच्या बाबतीत हे शहाणपण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. प्रकाशाच्या बाबतीतही कुडाळ-कणकवलीसारख्या हमरस्त्यावरच्या गावांना त्याचा लाभ मिळतो. त्यांच्या उत्तरेलाही वाट आहे आणि दक्षिणेलाही. आमचे गाव मात्र समुद्राच्या टोकाला. कुडाळच्या दिशेने जी केबल येते ती आमच्यापाशी संपते. तिच्यापुढे माड, वाळू आणि पाणी. सांधेवाला कितीही हुशार असला तरी जिथे रूळच एक तिथे त्याने सांधा कशाचा बदलायचा?

मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात मी नववीत होते. १६ मे रोजी वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेकडे गेले. विजेचे खांब आडवे झाले, माडांनी रस्ते अडवले आणि आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज व फोन दोन्ही नव्हते. मुंबईत असलेल्या काकाला आम्ही जिवंत आहोत हे कळवायला बाबा वादळानंतर मोटारसायकलने जिथे फोन लागेल तिथपर्यंत गेले होते. तेव्हा हे सगळे निसर्गाचे कृत्य म्हणून आम्ही सोडून दिले. गेल्या वर्षी मात्र निसर्ग शांत होता, वीजही होती. एका जेसीबीचा दात लागला आणि वादळाच्या दिवसांसारखीच स्थिती झाली. शिष्यवृत्तीच्या मुदतीत माझ्या वर्गातल्या दोन मुलींना कुडाळला येणे जमले नाही. एकीकडे भाड्याचे पैसे नव्हते आणि दुसरीच्या घरी फोन दर्यावर गेलेल्या भावाजवळ होता. त्यांचे अर्ज राहिले.

ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याची केंद्र सरकारची योजना २०११ साली मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. त्या योजनेत तालुक्यापासून गावापर्यंत केबल बहुतेक ठिकाणी सरळ रेषेत, फांदीसारखी नेलेली होती. फांदी मोडली की पान गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये या योजनेचा सुधारित कार्यक्रम १,३९,५७९ कोटी रुपयांचा मंजूर झाला, आणि त्यात ग्रामपंचायती रिंग पद्धतीने, म्हणजे कड्यासारख्या दोन्ही बाजूंनी जोडण्याचे ठरले आहे. कड्यात एका जागी तुटले तरी दुसऱ्या बाजूने पोचता येते. रंग वळवणारे महागडे यंत्र गावात बसवण्याची गरज नाही. ते जिल्ह्याच्या मोठ्या नाक्यांवरच शोभते. गावाला हवी आहे ती दुसऱ्या बाजूने येणारी साधी केबल. आमच्या बाबतीत ती खाडीपलीकडच्या गावातून येऊ शकते. पूल झालेला आहे आणि त्यावरून एस्टी जाते. पुलाच्या कठड्याला केबल बांधता येते का, हे मी सरांना विचारले. ते म्हणाले, बांधतात.

हे सगळे वाचून झाल्यावर एका संध्याकाळी बाबांनी जाळे दुरुस्त करता करता विचारले, “काय गो, तुजो उजेड खंय पोचलो?” मी त्यांना कागदावर करवतीचे दात काढून दाखवले आणि त्यांचीच लाट त्यांना परत सांगितली. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “ह्या ग्रामसभेत सांग.”

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी पहिल्यांदाच उभी राहिले. बायका मागच्या बाजूला बसतात, तिथूनच बोलले. नव्या कार्यक्रमात आपली पंचायत कड्यात येते की पुन्हा फांदीच्याच टोकाला राहते, आणि पुलावरून दुसरी केबल मागता येईल का, असे दोन प्रश्न विचारले. उपस्थितांपैकी कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते. पण दोन्ही प्रश्न इतिवृत्तात उतरवून घेतले आहेत आणि पंचायतीने तालुक्याला पत्र पाठवायचे ठरवले आहे. पत्राचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.